आपण कोठे आहोत?

पवित्र शास्त्रात परमेश्वराने मानवाला विचारलेला पहिलाच प्रश्न स्थळाविषयीचा आहे. निषिद्ध फळ खाऊन झाडांच्या आड लपलेल्या आदामाला परमेश्वराने हाक मारली आणि तो कोठे आहे असे विचारले. परमेश्वराला ते ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? आदामाने आपले ठिकाण स्वतःच्या मुखाने कबूल करावे, एवढ्यासाठीच तो प्रश्न होता. मराठीतील ‘जबाबदारी’ या शब्दाच्या पोटात ‘जबाब’ आहे. ज्याला विचारता येते आणि ज्याने उत्तर द्यावे अशी अपेक्षा धरता येते, तोच जबाबदार. या अर्थाने पाहिले तर मनुष्याच्या नैतिक जीवनाचा आरंभ त्या एका प्रश्नापासून होतो.

हाच प्रश्न २० डिसेंबर १९९५ च्या रात्री, दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाच्या आकाशात, एका विमानाच्या कॉकपिटमध्ये विचारला गेला. अमेरिकन एअरलाइन्सचे बोइंग ७५७ जातीचे ते विमान मायामीहून काली या शहराकडे चालले होते. विमानात १६३ माणसे होती. नाताळ अवघ्या काही दिवसांवर आला होता आणि अनेक प्रवासी सणासाठी घरी निघाले होते.

कालीचे विमानतळ उत्तर-दक्षिण पसरलेल्या एका लांबट खोऱ्यात आहे. दोन्ही बाजूंना उंच डोंगर आहेत. तेथील रडार बंडखोरांनी १९९२ साली उद्ध्वस्त केले होते. त्यामुळे विमान नेमके कोठे आहे हे नियंत्रकाला पडद्यावर दिसत नव्हते. वैमानिक जे सांगतील तेच त्याने खरे मानायचे, अशी स्थिती होती. विमानाला मायामीहून निघायलाच सुमारे दोन तासांचा उशीर झाला होता. अशा वेळी नियंत्रकाने विचारले की, वारा शांत आहे, तेव्हा वळसा घालून ठरलेल्या बाजूने उतरण्याऐवजी उत्तरेकडून थेट धावपट्टीवर येता काय? वेळ वाचणार होता. वैमानिकांनी होकार दिला. परंतु थेट उतरायचे म्हणजे उंची झपाट्याने कमी करणे भाग होते. म्हणून पंखांवरचे वेगरोधक उघडून विमान वेगाने खाली आणले जाऊ लागले आणि त्याच घाईत नवा मार्ग संगणकात भरण्याचे काम सुरू झाले.

त्या मार्गावर रोझो नावाचे एक रेडिओ संकेतकेंद्र होते. वैमानिकांच्या हातातील छापील नकाशावर त्याची खूण ‘आर’ या एका अक्षराने दाखविलेली होती. कॅप्टनने संगणकात ‘आर’ हे अक्षर भरले. पण संगणकाच्या माहितीसाठ्यात ते अक्षर बोगोटा या राजधानीजवळच्या रोमिओ नावाच्या दुसऱ्याच केंद्राला दिलेले होते आणि ते केंद्र तेथून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर होते. रोझो हवे असेल तर त्याचे पूर्ण नाव लिहावे लागत होते. नकाशा एक सांगत होता आणि यंत्र दुसरेच समजत होते. पडद्यावर आलेल्या यादीतील पहिले नाव स्वीकारले गेले. असा बदल दोन्ही वैमानिकांनी पडताळून पाहिल्यावाचून अमलात आणू नये, अशी पद्धत घालून दिलेली होती. त्या गडबडीत ती पाळली गेली नाही. यंत्राने मात्र मिळालेली आज्ञा चोख पाळली. अंधारात विमान डावीकडे, पूर्वेच्या डोंगरांच्या रोखाने वळले.

सुमारे मिनिटभराने काही तरी बिनसले आहे हे दोघांच्या ध्यानी आले. आपण कोठे आहोत, असे सहवैमानिकाने विचारले. कॅप्टनलाही निश्चित सांगता येईना. मग विमान उजवीकडे वळविण्यात आले. पण या सर्व वेळात ते खाली उतरतच होते, आणि खोऱ्याकडे परतण्याच्या वाटेवर आता डोंगराची रांग उभी होती. जमीन जवळ आल्याचा इशारा यंत्राने दिला तेव्हा हाती बारा-तेरा सेकंदच उरले होते. वैमानिकांनी पूर्ण शक्ती लावून विमानाचे नाक वर उचलले. परंतु उतरण्यासाठी उघडलेले वेगरोधक मिटविण्याचे राहून गेले. बुगा या गावानजीक विमान डोंगराला धडकले. १५९ जण मृत्यू पावले. चौघे वाचले.

ही हकीकत येथे सांगण्याचा उद्देश त्या वैमानिकांना दोष देणे हा नव्हे. दोघेही अनुभवी होते आणि त्यांनी केलेली चूक आपल्यापैकी प्रत्येकजण आठवड्यातून दहा वेळा करतो. फक्त आपल्या वाटेत डोंगर नसतो. हेतू आहे तो एका प्रश्नाचा विचार करणे हा. आपले काम आपण यंत्रावर सोपवितो तेव्हा आपली जबाबदारीही त्याच्यावर सोपविली जाते काय?

प्रथम एक सोपे उत्तर बाजूला ठेवले पाहिजे. यंत्रावर विसंबणे हेच मुळात चूक आहे, मनुष्याने आपल्या डोळ्यांवर आणि अंतःप्रेरणेवर विश्वास ठेवावा, असे पुष्कळ सज्जन सांगतात. हे खरे नाही. ढगांत किंवा काळोखात मनुष्याचे शरीर त्याला फसविते. आपल्या कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय सावकाश होणारे वळण ओळखू शकत नाही; विमान एका अंगावर कलले असताना आपण सरळ चाललो आहोत असे त्याला वाटते. म्हणूनच प्रत्येक वैमानिकाला शिकविले जाते की, शरीर काय सांगते तिकडे लक्ष न देता समोरच्या यंत्राकडे पाहा. आज विमानप्रवास पूर्वीपेक्षा सुरक्षित झाला आहे त्यात या यंत्रांचा मोठा वाटा आहे. शारीरिक इंद्रियांप्रमाणेच मनाची प्रेरणाही फसवी असू शकते, हे तर आपण ख्रिस्ती लोकांना सांगायला नको. मनुष्याला सरळ भासणारा मार्ग शेवटी मृत्यूकडे नेणारा असू शकतो, हे नीतिसूत्रांचे शहाणपण आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत.

परंतु यंत्रही फसविते. मुंबईच्या वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना १ जानेवारी १९७८ ची रात्र आठवत असेल. सांताक्रूझहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे विमान उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व २१३ माणसे प्राणास मुकली. कॅप्टनसमोरील क्षितिजदर्शक यंत्र बिघडले होते. विमान समतोल असताना ते उजवीकडे कलले आहे असे ते यंत्र दाखवीत होते; म्हणून कॅप्टनने विमान डावीकडे कलविले आणि ते अधिकाधिक कलत गेले. खाली काळा समुद्र, वर काळे आकाश, क्षितिज कोठेच दिसत नव्हते. कॉकपिटमध्ये त्याच कामाची अन्य यंत्रे होती. त्यांच्याशी ताडून पाहायला अवधी होता तो केवळ काही सेकंदांचा.

तेव्हा यंत्र की मनुष्य, असा हा प्रश्न नाही. दोहोंपैकी कोणाचीही एकट्याची साक्ष पुरेशी नाही, हे त्याचे उत्तर आहे. मोशेच्या नियमशास्त्रात एकाच साक्षीदाराच्या सांगण्यावरून कोणालाही दोषी ठरवू नये, दोन किंवा तीन साक्षीदारांच्या मुखाने गोष्ट शाबीत व्हावी, असे सांगितले आहे. हा नियम न्यायालयापुरता नाही. मनुष्याची दृष्टी अपुरी आहे, हे ओळखून घातलेला तो जीवनाचा नियम आहे. मोठ्या विमानांत एकाच कामासाठी दोन-तीन यंत्रे बसविली जातात आणि दोन वैमानिक शेजारी बसतात, त्यामागेही हेच शहाणपण आहे. कालीच्या विमानात नकाशा होता, संगणक होता, दोन वैमानिक होते. साक्षीदारांची वाण नव्हती. त्यांची साक्ष एकमेकांशी ताडून पाहिली गेली नाही, इतकेच.

येथे एक शंका निघणे साहजिक आहे. आपला धर्म विश्वासाचा आहे. मग पदोपदी पडताळा पाहणे हे अविश्वासाचे लक्षण नव्हे काय? ही शंका मनात असेल तर प्रेषितांच्या कृत्यांतील बिरुया येथील यहुद्यांची आठवण करावी. पौलासारख्या प्रेषिताने त्यांना सुवार्ता सांगितली. ती त्यांनी उत्सुकतेने ऐकली आणि ती खरी आहे की नाही हे पाहण्यासाठी ते दररोज शास्त्र शोधू लागले. लूकने त्यांना यासाठी दूषण दिलेले नाही. उलट थेस्सलनीकाच्या लोकांहून ते उदार मनाचे होते अशी त्यांची प्रशंसा केली आहे. त्यांचा विश्वास आणि त्यांचे शोधणे ही एकाच भुकेची दोन रूपे होती. ज्या विश्वासाला प्रश्न सोसत नाही तो बहुधा विश्वास नसतो. ती सवय असते, आणि सवय ही मनुष्याची सर्वांत जुनी स्वयंचलित यंत्रणा आहे.

आपल्या मराठी ख्रिस्ती समाजाला तर हे विशेष ठाऊक असावयास हवे. आपले पूर्वज ज्या वाटेने ख्रिस्ताकडे आले ती वाट त्यांनी डोळे उघडे ठेवून धरली होती. घर, आप्तेष्ट, जात, गाव यांना मुकावे लागेल हे पुरते जाणून त्यांनी पाऊल टाकले. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. पण लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग तत्काळ गेल्या नाहीत. पतीचे होकायंत्र त्यांनी आपले मानले नाही. काही वर्षांनी, स्वतःच्या मनाची खात्री पटल्यावरच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आज त्यांच्यानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीतील आपण रविवारी उपासनेला जातो, गीतांचे क्रमांक पाहून उभे राहतो, बसतो, मुलांचे बाप्तिस्मे आणि विवाह यथाविधी करतो. दिशा त्यांनी धरलेली, वेग त्यांनी दिलेला. आपण कोठे आहोत, हे मात्र आपण किती वेळा पाहिले?

आता दोषाच्या प्रश्नाकडे वळू. कालीच्या अपघाताचा खटला अमेरिकेत चालला. २००० साली मायामी येथील ज्यूरीने दोषाची वाटणी केली ती अशी : विमान कंपनी ७५ टक्के, नकाशे व माहितीसाठा पुरविणारी कंपनी १७ टक्के, संगणक बनविणारी कंपनी ८ टक्के. नुकसानभरपाई ठरविण्यासाठी अशी वाटणी करावी लागते आणि तीत अन्याय नाही. पण ती वाचताना एदेन बागेची आठवण झाल्यावाचून राहत नाही. तेथेही वाटणीच झाली होती. आदामाने स्त्रीकडे बोट दाखविले आणि ती देणाऱ्या परमेश्वराकडेही आडून दाखविले. स्त्रीने सर्पाकडे दाखविले. प्रत्येकाच्या बोलण्यात थोडे तथ्य होते. तथापि एक गोष्ट लक्षात घ्यावी. परमेश्वराने पुरुषाला प्रश्न विचारला, स्त्रीला प्रश्न विचारला. सर्पाला मात्र विचारले नाही. त्याला थेट शिक्षाच सांगितली. प्रश्न फक्त त्यांनाच विचारले गेले जे उत्तर देऊ शकत होते.

यंत्राचेही तसेच आहे. त्याला दुरुस्त करता येईल, मोडीत काढता येईल. त्याला जाब विचारता येणार नाही. आणि जेथे जाब विचारता येत नाही तेथे जबाबदारी सोपविताही येत नाही. आपण सोपवितो ते काम. जबाबदारी सोपविली असे आपल्याला वाटते तेव्हा प्रत्यक्षात ती कोणाकडेच गेलेली नसते. ती वाऱ्यावर सोडलेली असते. एखादी वृद्ध विधवा निवृत्तिवेतनासाठी कचेरीत येते. ती समोर उभी असते, हातात कागद असतात आणि खिडकीपलीकडचा मनुष्य पडद्याकडे पाहत सांगतो, सिस्टिममध्ये तुमचे नाव दिसत नाही. तो खोटे बोलत नाही. पण त्याने पडद्याची साक्ष घेतली आणि समोरच्या जिवंत माणसाची नाकारली. यापुढे कोणाला कर्ज द्यावे, कोणाला नोकरीस घ्यावे, यांसारखे निर्णयही संगणकाच्या सल्ल्याने अधिकाधिक घेतले जातील. त्या प्रत्येक ठिकाणी आपल्यातील कोणी तरी खिडकीच्या अलीकडे किंवा पलीकडे असणारच आहे. यंत्राने असे दाखविले, हे उत्तर तेथे पुरेसे वाटेल. देवापुढे ते पुरणार नाही.

मात्र सर्व भार शेवटच्या माणसावर, सुकाणूवर हात असलेल्यावर टाकणे हाही अन्याय आहे. २८ नोव्हेंबर १९७९ रोजी न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरातून एअर न्यूझीलंडचे एक विमान प्रवाशांना दक्षिण ध्रुवखंडाचे दर्शन घडविण्यासाठी निघाले. त्यात २५७ माणसे होती. वैमानिकांना एकोणीस दिवस आधी जो मार्ग समजावून दिला गेला होता तो मॅकमर्डो खाडीवरून, सपाट बर्फावरून जाणारा होता. कॅप्टन निष्काळजी नव्हता. आदल्या रात्री घरी नकाशे पसरून त्याने तो मार्ग स्वतः आखून पाहिला होता. पण त्याच मध्यरात्रीनंतर कचेरीतील संगणकात मार्गाच्या शेवटच्या टप्प्याचा रेखांश बदलण्यात आला. जुना आकडा टंकलेखनातील चुकीने आलेला होता. नवा आकडा एका अर्थी दुरुस्तीच होती. त्या दुरुस्तीने मार्ग सुमारे चाळीस किलोमीटरहून अधिक सरकला आणि ३,७९४ मीटर उंचीच्या एरेबस पर्वतावरून जाऊ लागला. वैमानिकांना हे कोणी सांगितले नाही. सकाळी हाती आलेले आकडे त्यांनी विश्वासाने यंत्रात भरले. ढगांखालच्या पांढऱ्या उजेडात पांढरा उतार आणि पांढरे आकाश एकरूप झाले होते. समोर पर्वत आहे हे त्यांना दिसलेच नाही. कोणीही वाचले नाही.

पहिल्या चौकशीने वैमानिकांना दोषी धरले. पुढे न्यायमूर्ती पीटर माहोन यांच्या आयोगाने १९८१ साली त्यांना दोषमुक्त केले आणि न कळविता केलेला तो बदल हेच मुख्य कारण ठरविले. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी संगनमताने सत्य दडविले, हा त्यांचा निष्कर्ष वरच्या न्यायालयांत टिकला नाही. पण वैमानिकांचे निरपराधीपण लोकांच्या मनात कायम राहिले, आणि २०१९ साली, अपघाताला चाळीस वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, न्यूझीलंडच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी शासनाच्या वतीने मृतांच्या कुटुंबीयांची क्षमा मागितली.

या घटनेत आकडा बदलणारा वाईट मनुष्य होता असे नाही. तो चूक सुधारीत होता. त्याचे चुकले ते इतकेच की, ज्यांचे प्राण त्या आकड्यावर अवलंबून होते त्यांना ते सांगितले जावे याची खात्री कोणी केली नाही. ही गोष्ट पालकांनी, शिक्षकांनी, पाळकांनी आणि मंडळीच्या वडिलांनी मनात धरण्याजोगी आहे. आपण दुसऱ्यांच्या मार्गाचे आकडे भरीत असतो. मुले आपल्या तोंडातून निघालेले शब्द तपासून घेत नाहीत; ती विश्वासाने भरून घेतात. पैशाबद्दल आपण घरात काय बोलतो, दुसऱ्या जातीच्या किंवा दुसऱ्या पंथाच्या माणसाबद्दल जेवताना काय बोलतो, ते आकडे आत जाऊन बसतात, आणि पुढे वीस वर्षांनी त्यांच्या आयुष्यात डोंगर उभा राहतो तेव्हा आपण तेथे नसतो. लहानांना अडखळविणाऱ्याविषयी प्रभूने जितके कठोर शब्द काढले तितके क्वचितच इतर कोणाविषयी काढले असतील.

आणखी एका माणसाचा उल्लेख करावयास हवा. तो म्हणजे काली येथील नियंत्रक. वैमानिकांच्या विनंत्या आपल्याला सुसंगत वाटत नव्हत्या, असे त्याने नंतर चौकशीत सांगितले. वैमानिक स्पॅनिश बोलणारे असते तर आपण त्यांना खोदून विचारले असते. पण नित्याच्या ठरावीक वाक्यांपलीकडे आपल्याला इंग्रजी येत नव्हते, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या कामातील सर्व नियम त्याने पाळले होते. तरीही त्याच्या मनात आलेला संशय त्याच्या ओठांपर्यंत येऊ शकला नाही. यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथात पहारेकऱ्याचा दृष्टांत आहे. तलवार येताना दिसूनही ज्याने कर्णा वाजविला नाही त्याच्याकडून रक्ताचा झाडा घेतला जाईल, असे तेथे सांगितले आहे. या नियंत्रकाला आपण तो कठोर नियम लावू नये; त्याला डोंगर दिसत नव्हता आणि शब्दही नव्हते. पण आपल्याकडे शब्द असतात. शेजारच्या घरात, मंडळीच्या सभेत, हिशेबाच्या वहीत काही तरी बिनसले आहे असे आपल्याला वाटते, आणि भाषा येत असूनही आपण नित्याचीच वाक्ये बोलत राहतो.

मग मनुष्याने करावे तरी काय? प्रत्येक गोष्ट प्रत्येक क्षणी तपासणे कोणालाच शक्य नाही. जो तसे करू जाईल त्याचे काम होणार नाही आणि त्याच्या सहवासात कोणाला सुखही लाभणार नाही. समाज एकमेकांवरील भरवशानेच चालतो. परंतु तीन प्रसंग असे आहेत की तेव्हा थांबून पाहणे टाळता येत नाही. पहिला, दिशा बदलताना. कालीचे अरिष्ट घडले ते ठरलेला मार्ग ऐनवेळी बदलण्यात. नवीन धंदा, नवीन गाव, लग्न, मृत्युपत्र, मंडळीचा नवा ठराव, या वेळी दुसऱ्या माणसाला विचारल्यावाचून बटण दाबू नये. दुसरा, कोठे तरी विसंगती दिसते तेव्हा. मार्च २०१५ मध्ये सिडनीहून क्वालालंपूरला निघालेल्या एका विमानात रेखांश भरताना एक शून्य आणि एक आकडा मागेपुढे झाला. संगणकाच्या समजुतीप्रमाणे विमान ११,००० किलोमीटर दूर होते. उड्डाणापूर्वी आणि नंतर यंत्राने इशारे दिले, पण त्यांचा अर्थ लक्षात घेतला गेला नाही. देवाच्या दयेने दिवसाच्या उजेडात ते विमान मेलबर्नला सुखरूप उतरले. इशारा हा त्रासदायक आवाज नसून दया असते, हे आपल्याला बहुधा उशिरा कळते. सद्सद्विवेकबुद्धीची टोचणी ही अशीच दया आहे.

तिसरा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा, आणि तो कालीच्या त्या शेवटच्या मिनिटांत आहे. आपण कोठे आहोत, हा योग्य प्रश्न त्या कॉकपिटमध्ये विचारला गेला होता. विमान उजव्या दिशेने वळविलेही गेले. तरी नाश टळला नाही. कारण प्रश्न विचारीत असताना खाली उतरणे चालूच होते. त्या वेळी उतरणे थांबवून वर गेले असते, तर अंधारात वाट शोधायला वेळ मिळाला असता. आपण कोठे आहोत हे ठाऊक नसताना आणखी खाली जाऊ नये, हा साधा नियम होता.

आपल्या पुष्कळशा पश्चात्तापांचे रूप असेच असते. आपल्याला प्रश्न पडतो, वाईटही वाटते, मनात दिशा बदलण्याचा संकल्पही होतो. पण ज्या उताराला आपण लागलो आहोत तो उतार सुटत नाही. कर्जात बुडालेला मनुष्य हिशेब मांडावयास बसतो आणि त्याच संध्याकाळी पुन्हा उसने घेतो. भावाशी अबोला धरलेला मनुष्य प्रार्थनेत त्याचे नाव घेतो आणि दाराशी आल्यावर त्याच्याकडे पाहत नाही. धाकट्या पुत्राच्या दाखल्यात प्रभूने याचा क्रम स्पष्ट सांगितला आहे. तो पुत्र प्रथम शुद्धीवर आला. आपण कोठे आहोत, डुकरांमध्ये आहोत, हे त्याने स्वतःला सांगितले. तेवढ्यावर तो थांबला नाही. तो उठला. त्या देशातील आपले राहणे त्याने संपविले आणि मगच घराची वाट धरली. शुद्धीवर येऊनही तो तेथेच बसून राहिला असता, तर दाखला तेथेच संपला असता.

गेथशेमाने बागेत प्रभूने शिष्यांना आपल्याबरोबर जागे राहावयास सांगितले होते. ते दुष्ट नव्हते, थकलेले होते. आणि ते झोपी गेले. त्यांचे शरीर अशक्त होते हे प्रभूने स्वतःच ओळखले आणि त्यांना पुन्हा पुन्हा उठविले. आपणही थकतो. म्हणून आपल्याला यंत्रे लागतात, सवयी लागतात, परंपरा लागतात, आणि त्या देवाच्याच देणग्या आहेत. त्यांच्या हाती सुकाणू द्यावे; पण पहारा द्यावयास आपणच हवे. आणि रात्री दिवा मालविण्यापूर्वी एकदा तरी थांबून, आदामाला विचारलेल्या त्या प्रश्नाला झाडाआड न लपता उत्तर द्यावे. उत्तर लज्जास्पद असले तरी चालेल. ज्याने तो विचारला तो शोधण्यासाठीच आला होता.